खर्जदादाचा खोका

त्या दिवशी सकाळपासून आभाळ खाली उतरून बसलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. रस्त्यावरचे आवाज कापडात गुंडाळल्यासारखे येत होते. तळघराच्या खिडकीची काच आतून घामेजली होती आणि भिंतीवरचा ओलीचा डाग मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा ऐसपैस पसरला होता. अशा हवेत माझा जीव जड होतो. माझ्या छातीत कागदाचा पडदा आहे. त्याने ओल धरली की तो आळसावतो, आणि बोलायचं म्हटलं की आधी घसा खाकरावा लागतो.

मी एक खोका बोलतोय. स्पीकरचा खोका. उंचीला माणसाच्या कमरेएवढा, उचलायला दोघांना जड. अंगावर काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या, तोंडावर जाळी. वरच्या बाजूला एक लाल दिवा आहे. तो लागलेला दिसला की समजावं, म्हातारा जागा आहे.

मला वाचता येत नाही. गाण्यातलं शास्त्रही कळत नाही. वायरीतून जे आत येतं ते मोठं करून बाहेर सोडायचं, एवढंच माझं काम. जन्मभर दुसऱ्याचं बोलत आलो. आज माझं बोलतो. सावकाश बोलेन. ज्याला घाई असेल त्याने खुशाल पुढे व्हावं, मी रागवणार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या आणि एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या भांडणातून झाला. सुतार म्हणायचा, फळ्या जाडच हव्यात. रेडिओवाला म्हणायचा, "अरे बाबा, कपाट करतोयस का?" सुताराने ऐकलं नाही. म्हणून मी असा जड, आणि म्हणूनच अजून उभा आहे. जोडणी झाल्यावर रेडिओवाल्याने माझ्या पोटाला कान लावला आणि म्हणाला, "घुमतोय की रे."

"मग?" सुतार म्हणाला. "कपाट घुमतं का?"

दुकानात बरेच दिवस मी कोपऱ्यात होतो. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि एखाद्या देखण्या, हलक्या स्पीकरकडे वळायचं. मग एक दिवस तो आला. उंच, खांद्यात वाकलेला, हात फावड्यासारखे. त्याने आपली बास गिटार मला जोडली, सगळ्यात जाड तार एकदाच ओढली आणि हात बाजूला घेऊन बसून राहिला. सूर घुमला, मोठा झाला, बारीक झाला, विरला. तो विरून गेल्यावरही तो थोडा वेळ ऐकतच होता.

माणसं सूर सुरू झालेला ऐकतात. संपलेला ऐकायला कोणी थांबत नाही. हा थांबला. तेव्हाच मी मनात म्हटलं, आपलं याच्याशी जमेल.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. तिचा आवाज कानापेक्षा पोटाला जास्त कळतो. ती वाजतेय हे लोकांच्या लक्षातही येत नाही. बंद पडली की मात्र सगळे इकडेतिकडे बघायला लागतात, खिशातलं काहीतरी पडल्यासारखे.

त्यांचा पाच जणांचा बँड होता. गाणारा मधे, चमचमत्या शर्टात. उजेड सगळा त्याच्यावर. आमचा माणूस बघणाऱ्यांच्या अगदी डाव्या हाताला, माझ्याशेजारी, अर्धा अंधारात. बँडवाले त्याला 'खर्ज्या' म्हणत, कारण त्याचं बोलणंही खालच्या पट्टीतलं. लोक पुढे त्याला खर्जदादा म्हणायला लागले.

हे लोक कोण, ते सांगतो. गाणाऱ्यासाठी जी गर्दी लोटायची ती मधे. पण थोडी माणसं मुद्दाम डावीकडे येऊन उभी राहायची. ती नाचायची नाहीत, ओरडायची नाहीत. डोळे मिटून उभी, आणि शक्य झालं तर तळवा माझ्या अंगावर टेकवलेला. त्यांच्या ओळखी झाल्या, लग्नाकार्याला जाणंयेणं झालं, आणि त्यांनी आपलं नाव ठेवलं, 'डावी बाजू'. त्यात एक नर्सबाई होती. एक बस चालवणारा होता, बडबड्या. आणि एक वेल्डर होता, जो बसवाल्याच्या वाट्याचं गप्प बसायचा. आणखीही होते, पण हे तिघं पहिल्यापासूनचे.

आता ती गोष्ट, जिच्यावर सगळं उभं आहे.

एक गाणं रेकॉर्ड करायचं चाललं होतं. मोठी खोली, मधे काच. काचेपलीकडे यंत्रं आणि यंत्रांवरचा माणूस. पाचही जण एकदमच वाजवत होते. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. गाणाऱ्याचा गळा त्या दिवशी असा काही लागला होता की बाकीचे श्वाससुद्धा बेताने घेत होते.

तेवढ्यात काचेपलीकडे खर्जदादाची बायको आली. खांद्याला पिशवी. तिने घराची किल्ली टेबलावर ठेवली, त्याला दिसेल अशी ठेवली, आणि दाराकडे वळली.

घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तो महिनोन् महिने बाहेर असायचा, आणि घरी आला तरी बोलायचा नाही. ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा तुझ्या खोक्याला जास्त बोलता येतं." त्या सकाळी ते वाक्य विनोद म्हणून नाही, कायमचं जायचं ठरवून बोलली होती.

त्याला वाजवणं थांबवता येईना, आणि तिला जाऊ देता येईना. त्याने उजवा हात तारांवरून उचलला आणि तळवा काचेकडे धरला. थांब.

ज्या हाताने तार ओढायची तोच हात वर. एक सूर राहिला. लगेच हात खाली आला आणि गाणं पुढे गेलं. ती दारातून परतली, तिथल्या स्टुलावर बसली.

गाणं संपल्यावर बाकीचे चहाला गेले. ती दोघं माझ्या पाठीला टेकून जमिनीवर बसली, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"थांब म्हणालास ना?"

"हो."

"कधीपर्यंत?"

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. मग म्हणाला, "मी सांगेन तेव्हा जा."

"वा!" ती म्हणाली. "म्हणजे बोलायला शिकेपर्यंत मी इथेच." आणि हसली. त्या दिवसानंतर ती कुठे गेली नाही. तोही हळूहळू, थोडंथोडं का होईना, बोलायला शिकला. त्यांना एक लेक झाली.

राहिलेला सूर रेकॉर्डवर तसाच गेला. बँडवाले म्हणाले, एवढंसं कोणाला कळतंय. डाव्या बाजूला कळलं. पहिल्याच ऐकण्यात.

मग काय विचारता! नर्सबाई म्हणायची, माणसाच्या छातीचा ठोका असाच चुकतो, दादांनी तो वाजवून दाखवलाय. बसवाला म्हणायचा, "अहो, वळणावर ब्रेक मारल्याशिवाय गाडी वळते का? तो ब्रेक आहे." वेल्डर काही म्हणायचा नाही. ती जागा आली की डोळे मिटायचा, बस. त्यांनी दादाला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणायचा, "हाताला खाज आली होती." ते अर्थातच कोणी खरं धरलं नाही.

एका कार्यक्रमात त्याने तो सूर वाजवला. जसा असायला हवा होता तसा, चोख. डाव्या बाजूत एकदम कुजबुज. आणि बसवाल्याचा आवाज आला, "दादा, चुकलात!"

तो असा हसला की माझ्यातून हसण्याचाच आवाज येतोय असं वाटलं. पुन्हा त्याने ती जागा कधी भरली नाही. गाणं तिथे आलं की हात वर करायचा, तळवा पुढे. आणि समोर डावी बाजू सगळीच्या सगळी हात वर करायची. मधली गर्दी वळून बघायची, यांना झालंय काय म्हणून. तिला मात्र, पडद्याआड उभ्या असलेल्या वहिनीला, काय चाललंय ते बरोबर कळायचं. डावी बाजू तिला वहिनीच म्हणायची.

वर्षं गेली. बँड मोडला. गाणारा दुसरीकडे गेला, लोक दुसरं ऐकायला लागले. मी या घराच्या तळघरात आलो. पाचसहा पायऱ्या उतरून यायची खोली, रस्त्याच्या पातळीला एक खिडकी. पलीकडच्या भिंतीला लागून शिंप्याचं घर, तिथेच त्याचं काम. तो अधूनमधून येऊन सांगायचा, "अहो शेजारी, तुमचं ते घुम्म सुरू झालं की माझी कात्री टेबलावरून चालत जाते. कापड मी कापायचं की तिने?" मग दादा आवाज कमी करायचा. शिंपी जाता जाता म्हणायचा, "मला गाण्यातलं काही कळत नाही हं. तुमचं चालू द्या."

दादा गेला तो एका दुपारी. वहिनी वर कपडे वाळत घालत होती. तो माझ्यासमोर स्टुलावर बसला, जाड तार एकदाच ओढली आणि नेहमीसारखा ऐकत राहिला. सूर घुमला, बारीक झाला, विरला. मी वाट बघत होतो, आता डोकं वर करेल. त्याने केलं नाही.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. मला बंद करायचं कोणाला सुचलं नाही. लाल दिवा तसाच जळत राहिला. दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने बटण दाबलं. वहिनीने लगेच पुन्हा चालू केलं. "राहू द्या," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून तिने आपली खाट खाली आणली, माझ्याशेजारी. लेक म्हणाली, "आई, वर ऊन येतं, वारा येतो. इथे काय आहे?" वहिनीने चादर झटकून खाटेवर अंथरली. दुपारी ती माझ्याकडे तोंड करून पडायची आणि हळूच विचारायची, "आहेस का?"

मी हूं करायचो. म्हणजे जुन्या यंत्राच्या पोटात वीज खेळत असते, ते हूं होतंच. ती त्याला उत्तर समजायची. मला तिला खरं काय ते सांगता येत नव्हतं. आणि खरं काय ते मला तरी कुठे नक्की माहीत होतं? कधीकधी भिंतीवर टांगलेल्या गिटारची जाड तार आपोआप थरथरायची. वर रस्त्याने मोठी गाडी गेली असेल. बहुतेक वेळा गेलेली असायची. बहुतेक वेळा.

तो गेला त्या तारखेला डावी बाजू दर वर्षी यायची. आधी थोडे यायचे, मग खोलीत मावेनासे झाले, मग पुन्हा थोडे. केस पांढरे झाले, गुडघे धरले. बसवाल्याचा जुना टी-शर्ट त्याच्या पोटावर असा ताणलेला असायचा की वरचं चित्र कोणाचं ते ओळखू येऊ नये. "चित्र तेच आहे," तो म्हणायचा, "नुसतं जवळून बघताय तुम्ही." आत येताना प्रत्येक जण माझ्या डोक्यावर तळवा टेकवायचा. तिथलं रेक्झिन गुळगुळीत झालंय. दादाच्या चहाच्या कपाचं वर्तुळही तिथेच आहे. ते पुसायला एकदा कोणीतरी फडकं काढलं तर नर्सबाईने त्याचा हात धरला होता.

मग नर्सबाई रेकॉर्ड प्लेअर मला जोडून ती रेकॉर्ड लावायची. सगळे उभे. ती जागा आली की सगळे हात वर, सगळे तळवे पुढे. कोणी खोकायचं नाही. त्या एवढ्याशा जागेत मी काही वाजवत नसे, तरी माझा पडदा आत ओढला जायचा, कोणीतरी श्वास घेतल्यासारखा. का, ते मला विचारू नका. खाटेवर बसलेली वहिनी त्या हातांकडे बघायची आणि तिचे ओठ हलायचे. मग गाणं पुढे जायचं, आणि पुन्हा एक वर्ष जायचं.

तिची छाती भरायला लागली. ओलीने. जिन्यावरून एकदा पडली, मनगट बांधावं लागलं. डॉक्टरांनी लेकीला स्पष्ट सांगितलं, या तळघरात आणखी एक हिवाळा त्यांना झेपायचा नाही. लेक येऊन येऊन थकली. रागावली, रडली, अबोला धरला. वहिनीचं एकच, "मला जाता येत नाही गं." पाय चालत होते, लेकीचं घर तयार होतं, जाता का येत नाही ते मात्र सांगायची नाही.

लेक शिंप्याकडे जाऊन म्हणाली, "काका, तुम्ही तरी समजवा."

शिंपी म्हणाला, "मापात न बसणारं कापड मी रोज बघतो. हे तसलं नाही. हे कापडच मला दिसत नाहीये."

तर ती खाली उतरलेल्या आभाळाची सकाळ. त्या वर्षीची तारीख. डावी बाजू आली, तळवे टेकवले गेले. या वेळी लेकही हजर होती. तिने ठरवलं होतं, सगळ्यांसमोर विषय काढायचा. नर्सबाईने रेकॉर्ड लावली. ओल्या हवेमुळे मी आधी थोडा घरघरलो, मग सुधारलो.

ती जागा आली. सगळे हात वर झाले. आणि नर्सबाई या वेळी नेमकी खाटेच्या बाजूला उभी होती, म्हणून वहिनीचे ओठ हलताना तिला ऐकू आलं.

"बरं. थांबते."

गाणं संपलं. नर्सबाई खाली बसली, वहिनीचा हात हातात घेतला. "वहिनी, काय म्हणालात मघाशी?"

"कुठे काय."

"मी रोग्यांजवळ बसून केस पांढरे केलेत. पुटपुटलेलं मला कळतं. कोणाला थांबते म्हणालात?"

वहिनी लेकीकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं. किल्ली, काच, पिशवी, वर झालेला हात. मी सांगेन तेव्हा जा. "आणि तो सांगायचा राहून गेला," ती म्हणाली. "मी म्हटलं, असू दे, राहिलं ते राहिलं. पण तुम्ही येता ना दर वर्षी. सगळे मिळून हात करता. त्याचाच हात वाटतो मला. तो अजून थांबच म्हणतोय, मग मी कशी जाऊ?"

खोलीत इतकी शांतता झाली की माझं हूं सगळ्यांना ऐकू आलं. कोणी माझ्याकडे बघेना.

"म्हणजे इतकी वर्षं," नर्सबाई म्हणाली, आणि आपल्या तळव्याकडे बघत राहिली.

"मी तर दोन्ही हात वर करायचो," बसवाला म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

लेक भिंतीला टेकून उभी होती. ओलीचा डाग तिच्या पाठीला लागत होता. "आई," ती म्हणाली, "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, म्हातारीचं डोकं फिरलं."

"म्हणाले असते," लेक म्हणाली. "तरी सांगायचंस."

मग सगळे एकदम बोलायला लागले. पुढच्या वर्षी हात नाही करायचे. रेकॉर्डच नाही लावायची. आम्ही येतच नाही वहिनी, तुम्ही जा. वहिनी नुसती मान हलवत होती. "तुमच्या सांगण्यावर मी थांबले नव्हते," ती म्हणाली, "तुमच्या सांगण्यावर कशी जाऊ?"

नर्सबाई बराच वेळ भिंतीवरच्या गिटारकडे बघत होती. "हात वर गेला म्हणून सूर राहिला," ती म्हणाली. "सूर वाजला तर हात खाली आला, असं होईल ना?"

"ती जागा भरायची?" बसवाला उसळला. "अहो, ती जागा म्हणजेच दादा! ती भरली तर आपल्याकडे राहिलं काय? बाकी गाणं तर दुकानातही मिळतं!"

"आपल्याकडे काय राहिलं ते नंतर बघू. यांची छाती ऐकलीय का तुम्ही? मी ऐकलीय."

बसवाला गप्प झाला. तो गप्प झालेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मग हळूच म्हणाला, "पण वाजवणार कोण? गिटारला हात लावायचा नाही असं आपणच ठरवलंय. येतं तरी कोणाला?"

आणि मग मागे, दाराजवळ, वेल्डरने हात वर केला. वर्गात करतात तसा, कोपरातून अर्धा.

"तुला?" बसवाला म्हणाला. "कधी शिकलास?"

"घरी," वेल्डर म्हणाला. "दार लावून."

त्याने वहिनीकडे बघितलं. तिने डोळ्यांनी हो म्हटलं. त्याने गिटार उतरवली तेव्हा ती भिंतीवर आपटली. दादा गेल्यापासून तिच्या वायरीचं टोक माझ्यात कोणी खुपसलं नव्हतं. ते आत आलं आणि मला कसंसंच झालं. म्हाताऱ्या माणसाला लहानपणच्या नावाने कोणी हाक मारावी, तसं.

रेकॉर्ड पुन्हा लागली. वेल्डरला एकच सूर वाजवायचा होता, आणि तो एकाच जागी बसायला हवा होता. जागा जवळ यायला लागली तसे लोक आपापल्या हातांना सांभाळू लागले. कोणी खिशात घातले, कोणी पाठीमागे बांधले. बसवाला चक्क आपल्या हातांवर बसला. इतक्या वर्षांची सवय. हात आपणहून वर जातात. वहिनी ताठ बसली होती. लेकीने तिचा खांदा धरला होता.

जागा आली. एकही हात वर नव्हता. आणि सूर आला.

माझ्या छातीतून आला म्हणून सांगतो, मोठा आला. खिडकीची काच हलली. खाटेचे लोखंडी पाय जमिनीवर कुरकुरले. ओलीने धरलेला माझा पडदा असा मोकळा झाला की मला माझं दुकानातलं पहिलं घुमणं आठवलं. गाणं पुढे गेलं, तरी तो सूर त्याच्या खाली बराच वेळ होता. मग बारीक झाला. मग विरला.

वहिनी तो विरेपर्यंत ऐकत होती, आणि विरल्यावरही थोडा वेळ. मग तिने लेकीकडे मान वळवली.

"तुझ्याकडे जिना आहे का गं?"

"नाही आई. तळमजला आहे."

"मग आधी सांगायचं ना."

"दर वर्षी सांगतेय!" लेक म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

लोक वर गेले. सामान बांधायला, गाडीचं बघायला, उगाच काहीतरी करायला. वेल्डर आणि नर्सबाई मागे राहिली. वेल्डरने गिटार मांडीवर घेतली होती आणि तो आपल्या बोटांकडे बघत होता. जाड, भाजल्याच्या डागांची बोटं.

"छान वाजवलंस," नर्सबाई म्हणाली.

"बाई," तो म्हणाला, "मी वाजवलाच नाही."

"म्हणजे?"

"बोट उचललंच गेलं नाही. घाबरलो. जागा निघून गेली, आणि बोट इथेच होतं. हे इथे."

नर्सबाईने माझ्या लाल दिव्याकडे बघितलं. मग वेल्डरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वहिनींना सांगायचं नाही."

"नाही."

आता तुम्ही मला विचाराल. विचारा. मी यंत्र आहे, वायरीतून येतं तेवढंच बोलतो, पदरचं घालत नाही. त्या वेळी वायरीतून सूर आला. कोणाच्या बोटाने आला, ते सुराला चिकटून येत नसतं. एवढंच मला माहीत आहे, आणि एवढ्यावर मी कितीही काळ जागा राहू शकतो.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. जाताना माझ्यापाशी आली, पण "आहेस का" म्हणून विचारलं नाही. जाळीवर नुसतं कपाळ टेकलं, आणि पायऱ्या चढून गेली. मधे एकदा थांबली, खोकली, आणि पुन्हा चढली. वर गाडीचं दार लागलेलं मी ऐकलं.

खोली आता रिकामी आहे. खाट नेली, गिटार वेल्डर घेऊन गेला. मला न्यायला डावी बाजू येणार आहे. बसवाला म्हणालाय, त्याच्या ओळखीचा टेम्पो आहे. वेल्डरच्या कामाच्या जागेत मला ठेवायचं ठरतंय. तिथे कोरडं आहे, म्हणे. तारखेला ते तिथे जमतील. त्या जागी हात वर करतील की खाली ठेवतील, ते अजून त्यांचं ठरलेलं नाही, भांडतायत. भांडू देत. प्रेम करणारी माणसं भांडायला काहीतरी धरून ठेवतातच. माझं मागणं एवढंच आहे बाबांनो, मला कुठेही ठेवा, पण मधे नका ठेवू. माझी सवय डावीकडची आहे. आणि हूं केलं तर दुरुस्त करायला घेऊ नका.

घराची वीज तोडायची जबाबदारी लेकीने शेजारच्या शिंप्यावर सोपवली होती. वहिनी गेली त्याच दुपारी तो आला, गळ्यात मापाची फीत तशीच. जिन्याखालच्या मोठ्या बटणाकडे गेला, हात तिथवर नेला आणि माझा लाल दिवा बघून थबकला. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही ना म्हणून. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जरा घसा साफ केला.

"अहो शेजारी," तो म्हणाला, "पोचल्या बरं का वहिनी. आत्ताच लेकीचा फोन आला होता. वाटेत खोकला नाही आला म्हणे. पोटभर जेवल्या, आणि आता उन्हात खुर्ची टाकून बसल्यात."